शेवटचा न्याय आणि आजचा हिशेब

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकाराने जाहीर केले की २३ आणि २४ तारखेला प्रभू येशू येणार आणि आपल्या लोकांना ढगांत उचलून नेणार. मुलाखत यूट्यूबवर होती. तिचे तुकडे टिकटॉकवर पसरले आणि तिथून आपल्याकडच्या प्रार्थनागटांच्या व्हॉट्सअॅपवर यायला त्यांना वेळ लागला नाही. परदेशात काही जणांनी गाडी विकल्याचे, नोकरी सोडल्याचे व्हिडिओ टाकले. २५ तारीख उजाडली. ज्यांनी ते व्हिडिओ पुढे पाठवले होते त्यांच्यापैकी कोणी अवाक्षर काढले नाही. गटावर पुन्हा सकाळची वचने आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

मला त्या गप्प बसण्याचा राग आला आणि अजूनही आहे. कारण मी ख्रिस्ती आहे, आणि दर रविवारी मंडळीबरोबर उभी राहून विश्वासांगीकार म्हणताना ‘तेथून तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास येईल’ हे वाक्य मी मनापासून म्हणते. ते वाक्य मला ख्रिस्ती विश्वासातल्या सगळ्यात गंभीर वाक्यांपैकी एक वाटते. माणसाने माणसाशी जे केले त्याची कुठेतरी नोंद आहे आणि त्याचा जाब विचारला जाणार आहे, असे ते सांगते. या शिकवणीचे तारखांच्या खेळात रूपांतर झाले की जाब विचारण्याचा भाग गळून पडतो आणि उरते ती फक्त भीती. दुसरीकडे, जुन्या प्रस्थापित मंडळ्यांचे पाळक या विषयावर तोंडच उघडत नाहीत, म्हणून मैदान तारीखवाल्यांना मोकळे मिळते. माझी तक्रार दोघांविषयी आहे.

तारखेबद्दल येशू काय म्हणाला ते संदिग्ध नाही. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. स्वतः पुत्राने ‘मला माहीत नाही’ म्हटलेली गोष्ट आपल्याला कळली आहे असा दावा करणाऱ्याला व्यासपीठ द्यायचे का, हा प्रश्न खरे तर तिथेच संपायला हवा होता. तो पहिल्या शतकातही संपला नाही. बायबलमधल्या, पौलाच्या नावाने असलेल्या थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात एक फार बोलकी सूचना आहे: प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे सांगणारे, जणू आमच्याकडूनच आलेले पत्र तुमच्या हाती पडले तरी एकदम घाबरून जाऊ नका. म्हणजे आमच्या नावाने खोटा मजकूर फिरतो आहे, ही तक्रार तेव्हाही होती. त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात कामधंदा सोडून इकडेतिकडे लुडबुड करत हिंडणाऱ्यांना सांगितले आहे की ज्याला काम करायला नको त्याने खाऊही नये. हे वाक्य आज बेकारांना आणि गरिबांना सुनावले जाते. पण त्या पत्रात ते ज्या मंडळीला लिहिले आहे ती शेवटाच्या बातम्यांनी हादरलेली होती. पुष्कळ भाष्यकारांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला आहे आणि मला तो पटतो.

तारीख काढण्याच्या इतिहासातले सगळ्यात प्रसिद्ध नाव विल्यम मिलर यांचे. न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचे हे शेतकरी बाप्टिस्ट होते, प्रामाणिक होते आणि बायबल अत्यंत चिकाटीने वाचणारे होते. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे त्यांनी धरले, इसवी सनापूर्वी ४५७ मधल्या पारसी राजाच्या हुकुमापासून मोजायला सुरुवात केली आणि उत्तर काढले १८४३. पुढे लक्षात आले की इसवी सनापूर्वी १ नंतर लगेच इसवी सन १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. मग १८४४. त्यांच्या एका अनुयायाने नेमका दिवस काढला, २२ ऑक्टोबर. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहत होते. न्यू हॅम्पशायरमधल्या न्यू इप्स्विच गावातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट, मिलरपंथीयांतून पुढे उभ्या राहिलेल्या अॅडव्हेंटिस्ट परंपरेत सांगतात: त्याने शेतातले बटाटे काढलेच नाहीत. जग संपणार असेल तर बटाटे कोणासाठी काढायचे? २२ तारखेची रात्र सरली, २३ ची सकाळ झाली, आणि लोक ढसाढसा रडले. इतिहासात त्याला ‘महान निराशा’ म्हणतात.

त्याच न्यू हॅम्पशायरमधली, मार्लबरो गावची एक बाई तेव्हा आपल्या अहमदनगरात होती. सिंथिया फॅरर १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन मिशन मंडळाच्या पहिल्या पिढीवरही शेवटाच्या शिकवणीचाच प्रभाव होता, पण ती निराळ्या वळणाची. सॅम्युएल हॉपकिन्ससारख्या न्यू इंग्लंडच्या धर्मशास्त्र्यांनी शिकवले होते की बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, म्हणजे प्रकटीकरणातले, हजार वर्षांचे राज्य सुवार्ता, शिक्षण आणि न्याय यांच्या प्रसाराबरोबर येईल, आणि प्रभूचे येणे त्यानंतर आहे. गुलामगिरी हे पाप आहे असे हेच हॉपकिन्स अठराव्या शतकात सांगत होते. म्हणजे एकाच प्रांतात, एकाच बायबलावर वाढलेली दोन तऱ्हेची माणसे प्रभूची वाट पाहत होती. १८४२ मध्ये न्यूयॉर्कहून मिलरपंथीयांचे ‘मिडनाइट क्राय’ हे नियतकालिक निघाले. त्याच वर्षी नगरहून अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ निघाला. एकात शेवटाचे गणित होते. दुसऱ्यात धर्मप्रसार होता, तसे भूगोल आणि पदार्थविज्ञानही होते. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला गेले, मिस फॅरर यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि पुण्यात येऊन मुलींची शाळा काढली. ही शाळा आपल्याला आवडली होती हे जोतीरावांनी स्वतः नमूद केले आहे.

मिशनऱ्यांच्या त्या आशेत गर्वही भरपूर होता. आपली संस्कृती म्हणजेच देवाचे राज्य अशी त्यांची समजूत होती, इथल्या माणसांना ते अंधारातले लोक म्हणत, आणि इंग्रजी सत्ता ही देवाचीच योजना आहे असे त्यांच्यातल्या कित्येकांना वाटे. ते झाकून ठेवायचे कारण नाही. पण शेवटाची शिकवण माणसाला आपोआप निष्क्रिय करते, असे जे बाहेरचे टीकाकार म्हणतात, ते नगरच्या या शाळेपुढे टिकत नाही. काय वाट पाहता यापेक्षा वाट पाहताना हात कुठे गुंतलेले आहेत, हे बघावे लागते.

मिलरपंथीयांवर अन्यायही नको. निराशेतून सावरलेल्या गटांतून १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. प्रभू लवकर येणार हा विश्वास तिने सोडला नाही, तारीख काढणे मात्र सोडले, आणि जगभर दवाखाने आणि शाळा काढल्या. पुण्यात औंधजवळचे स्पायसर कॉलेज त्यांचेच.

सगळ्या तारीखवाल्यांना हे साधले नाही. दक्षिण कोरियातल्या ‘दामी मिशन’च्या ली जांग-रिम यांनी २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली होती. लोकांनी घरे-दारे विकून पैसे आणून दिले. फसवणुकीच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली, आणि तपासात निघाले की त्यांनी घेतलेले रोखे मे १९९३ मध्ये, म्हणजे जग संपल्यानंतर सात महिन्यांनी, वटणार होते. अमेरिकेत हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ठरवली. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने त्या तारखेच्या जाहिरातींवर आयुष्याची पुंजी, सुमारे १ लाख ४० हजार डॉलर, घातली. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी लिहिले की तारीख सांगणे हे पाप होते. एवढे तरी त्यांनी केले. पण गेलेली पुंजी काही परत आली नाही. २०२३ मध्ये केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात चारशेहून अधिक मृतदेह सापडले. उपास करून मेलात तर येशूला भेटाल, असे त्या माणसांना शिकवल्याचा आरोप असलेल्या प्रचारकावर खटला चालू झाला. मृतांत मुले फार होती.

हे टोक झाले. आपल्याकडचे नुकसान इतके उघड नसते म्हणून ते मोजले जात नाही. कोविडच्या लशीच्या वेळी प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातली श्वापदाची खूण, ६६६, हीच आहे असे सांगणारे व्हिडिओ ईशान्य भारतापासून आपल्या गावखेड्यांपर्यंत पोहोचले होते. त्याआधी मिझोराममध्ये काही ख्रिस्ती गटांनी आधार क्रमांकाला याच कारणाने नकार दिला होता, आणि त्याच्याही आधी बारकोडवर हाच आळ आला होता. आमच्या एका उपवास-प्रार्थनेनंतर नववीतली एक मुलगी मला बाजूला घेऊन विचारत होती, “ताई, आईने लस घेतली. जीवनाच्या पुस्तकातून तिचे नाव खोडले असेल का?” तिची आई सरकारी दवाखान्यात आया होती. लस घेतली नसती तर नोकरी धोक्यात आली असती, आणि कदाचित जीवही. ज्या देवाने त्या आईच्या हातून किती बाळांना जगात आणले, तोच देव एका इंजेक्शनसाठी तिला विसरेल, असे या मुलीला कोणीतरी धर्माच्या नावाने शिकवले होते. घरी आल्यावर कोणी दिसले नाही तर ‘सगळे उचलले गेले, मी एकटीच राहिले’ या कल्पनेने थरकाप झालेली मुले मी मंडळीत पाहिली आहेत. लेकरांना असे घाबरवणे ही अध्यात्माची तयारी आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मी कोणतीही तडजोड करायला तयार नाही.

सोसवत नाही ते आणखी एका कारणाने. प्रकटीकरणाचे पुस्तक हे भेदरवण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. आशिया प्रांतातल्या सात छोट्या मंडळ्यांना, रोमन साम्राज्याच्या सावलीत जगणाऱ्या माणसांना, पत्मोस बेटावरून योहानाने ते लिहिले. ६६६ हा आकडा नीरो कैसराच्या नावाच्या अक्षरांची बेरीज असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. वाचणाऱ्यांना तो समजावा म्हणून दिलेला होता, दोन हजार वर्षांनी कोणी आधार कार्डावर शोधावा म्हणून दिलेला नव्हता.

सहावा अध्याय काढून पाहा. तिसरी मोहर फुटते, काळा घोडा येतो, स्वाराच्या हातात तराजू आहे. आणि भाव पुकारला जातो: एका दिनाराला एक माप गहू, एका दिनाराला तीन मापे जव, आणि तेलाला व द्राक्षारसाला धक्का लावू नको. दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची रोजंदारी. एक माप गहू म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे धान्य. बापाने दिवसभर राबायचे आणि त्यात त्याचे एकट्याचे पोट भरायचे; बायकापोरांना घालायचे असेल तर जवावर भागवायचे. नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट हा भाव आहे. आणि तेल-द्राक्षारस, म्हणजे मोठ्या बागायतदारांचा माल, तो सुरक्षित. ज्या जिल्ह्यात आजी-पणजीकडून दुष्काळाच्या कहाण्या ऐकल्या आहेत, जिथे गावात प्यायला पाणी नसताना उसाला पाणी मिळालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्या जिल्ह्यातल्या मंडळीला हा घोडा ओळखायला रशिया-चीनच्या बातम्या कशाला हव्यात?

अठराव्या अध्यायात बाबेल नगरी कोसळते, म्हणजे रोम. तिच्यासाठी कोण रडते? राजे, व्यापारी आणि जहाजांचे तांडेल. व्यापाऱ्यांच्या मालाची यादी तिथे दिली आहे: सोने, रुपे, रत्ने, मोती, तलम वस्त्र, जांभळे वस्त्र, हस्तिदंत, दालचिनी, धूप, मैदा, गुरे, मेंढरे, घोडे, रथ, आणि अगदी शेवटी माणसांची शरीरे, माणसांचे जीव. सोन्यापासून सुरू झालेली यादी गुलामांपाशी संपते. योहानाने साम्राज्याची ही मालयादी न्यायासनापुढे ठेवली आहे. ही ओळ वाचून मला वेठबिगार आठवतो, ऊसतोडीच्या उचलीत अडकलेले कोयते आठवतात, आणि ज्या बायकांनी हंगाम बुडू नये म्हणून गर्भाशये काढून घेतली त्या बीडच्या बायका आठवतात. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते.) प्रकटीकरणावरची प्रवचने मी लहानपणापासून ऐकत आले. या यादीवर एकही ऐकले नाही.

शेवटाची शिकवण तारीखवाल्यांच्या आणि राजकारण्यांच्या हाती गेली की काय होते, त्याचे सगळ्यात मोठे उदाहरण यरुशलेमेत आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडलेले आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांतून घराघरांत गेलेले एक वेळापत्रक आहे: यहुदी लोक पवित्र भूमीत परततील, विश्वासणारे आधीच वर उचलले जातील, मग सात वर्षांचे महासंकट, मग शेवटचे युद्ध. अमेरिकेतले कोट्यवधी ख्रिस्ती हे वेळापत्रक म्हणजेच बायबल समजतात. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेचा दूतावास यरुशलेमेत उघडला तेव्हा या विचाराचे दोन प्रसिद्ध प्रचारक तिथे प्रार्थना करत होते, आणि त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर सुमारे साठ पॅलेस्टिनी मारले गेले. बेथलेहेमात, जिथे येशू जन्मला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पॅलेस्टिनी ख्रिस्ती या वेळापत्रकात कुठे बसतात याचे उत्तर कोणाकडे नाही. २०२३ च्या नाताळात तिथल्या लुथरन मंडळीने बाळ येशूला पडक्या घराच्या ढिगाऱ्यात ठेवले होते. आपले पाळक हेच वेळापत्रक मराठीत आणून तक्त्यांवर रंगवून दाखवतात, तेव्हा तो कोणाच्या राजकारणाचा माल आहे हे त्यांनी एकदा तपासावे. पृथ्वी जळूनच जायची आहे तर झाडे-नद्यांची चिंता कशाला, असेही या गोटात ऐकू येते. त्यांच्यासाठी प्रकटीकरण ११:१८ पुरेसे आहे: पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आली आहे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते. भीतीशिवाय माणूस पश्चात्ताप करत नाही. तारीख चुकली तरी चार जण प्रार्थनेला लागले, दारू सुटली, हे काय कमी आहे? दारू सुटली असेल तर मला आनंदच आहे. पण तारखेच्या भीतीने सुटलेली दारू तारीख टळल्यावर किती टिकते, हे त्या घरातल्या बायकोला विचारा. आणि विश्वासणाऱ्याला एकदा फसवले गेल्याची लाज वाटली की तो पुढे खऱ्या शिकवणीपासूनही दूर जातो. आमच्या मंडळीतून गेलेली तरुण मुले नास्तिकांची पुस्तके वाचून गेलेली नाहीत. त्यांना लहानपणी दाखवलेले महासंकटाचे व्हिडिओ मोठेपणी हास्यास्पद वाटले, आणि त्याबरोबर ख्रिस्तही.

दुसऱ्या बाजूचे सुशिक्षित मित्र म्हणतात, न्याय आणि नरक या जुन्या, क्रूर कल्पना आहेत, त्या सोडा आणि फक्त प्रेमाची भाषा बोला. हे मला त्याहूनही कमी पटते. ज्याला न्यायालयात, पोलीस ठाण्यात, तहसीलदाराच्या कचेरीत न्याय मिळतो, त्याला शेवटच्या न्यायाची गरज वाटत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरून आलेल्या घरांचे आहेत. त्यांच्या पणज्यांना पाणवठ्यावर कोणी उभे केले नाही, त्यांच्यावर झालेल्या कित्येक अत्याचारांची कधी फिर्यादसुद्धा लिहिली गेली नाही. त्यांना सांगायचे का की ते सगळे विसरले गेले, खातेच बंद झाले? प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे वधलेले जीव ओरडतात, हे प्रभो, कुठवर? त्या ओरडण्याला न्यायाची शिकवण उत्तर देते. ती काढून टाकलीत तर उरलेले प्रेम सुखवस्तू लोकांच्या उपयोगाचे असते.

मग न्यायाच्या दिवशी विचारणार काय? इथेच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटते, कारण हे गुपित नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र सिंहासनावर बसतो, सर्व राष्ट्रे पुढे जमतात, मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसा तो माणसे वेगळी करतो. मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. तुम्ही काय केले? परीक्षेचा पेपर आधीच वर्गात वाचून दाखवला आहे आणि आम्ही मात्र परीक्षेची तारीख कोणती यावर दोन हजार वर्षे वाद घालत बसलो आहोत. दोन्ही बाजूंची माणसे तिथे चकित होतात हेही पाहा. प्रभो, तुला आम्ही केव्हा पाहिले? ज्यांनी केले त्यांनाही कळलेले नव्हते की समोर कोण आहे. काही अभ्यासक म्हणतात की ‘माझे हे कनिष्ठ बंधू’ म्हणजे येशूचे शिष्यच, सगळे गरीब नव्हेत. तो अर्थ धरला तरी कसोटी बदलत नाही. फक्त आपण ती किती माणसांना लावायची हे ठरते, आणि त्यात कंजुषी करण्याचे धाडस मला तरी होणार नाही. आमच्यातले काही जण लगेच म्हणतात की तारण विश्वासाने आहे, कर्माने नाही. मान्य. पण विश्वासाने तारणाचा सिद्धान्त ज्या पौलाच्या पत्रांतून आला तोच करिंथकरांना लिहितो की आपण सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहायचे आहे आणि देहाने जे केले त्याचे फळ मिळायचे आहे. पौलाला यात विसंगती वाटली नाही.

तुरुंगात होतो. फादर स्टॅन स्वामी या ८३ वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूला ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवले गेले. पार्किन्सनने हात थरथरत, पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामीन न मिळता, ते मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्या मतांविषयी कोणाचे काहीही म्हणणे असो, त्या महिन्यांत महाराष्ट्रातल्या किती मंडळ्यांनी रविवारच्या प्रार्थनेत त्यांचे नाव घेतले? तान्हेला होतो आणि तुरुंगात होतो, दोन्ही प्रश्न एकाच माणसात समोर आले होते. भारतातल्या तुरुंगांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, दोष सिद्ध न झालेले. त्यांच्या समाचाराला जाणारी मंडळी मला दाखवा, मी तिच्या पाळकाकडून प्रकटीकरण शिकायला आनंदाने जाईन.

आपल्याकडे असे झालेच नाही असे मात्र नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण गमावली होती. उपासमार त्यांनी स्वतः सोसली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० पर्यंत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सुमारे दोन हजार माणसे होती. १९०५ साली तिथे जे आध्यात्मिक जागरण झाले ते आज पेंटेकॉस्टल इतिहासात मानाने सांगितले जाते, आणि शेवटच्या काळातल्या पावसाची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वर्षावाची, ती चिन्हे आहेत असे त्या चळवळीतले लोक मानत. तारीखवाले आपल्या सभांत मुक्तीच्या जागरणाचे नाव जरूर घेतात. पण त्या जागरणात प्रार्थना करणाऱ्या मुली दिवसा माग चालवत, शेती करत, छापखान्यात खिळे जुळवत, आणि आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल याच मुलींच्या हातांनी छापले गेले. प्रभू उद्या येईल असे मानणाऱ्या घरात विहिरी खणल्या जात होत्या. सांगायचे तर हे सांगा.

आणि आता आपल्या घराविषयी. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखान्यांसाठी घेतलेल्या जमिनी, बंगले, वसतिगृहे मंडळ्यांच्या विश्वस्तांच्या हाती आली, आणि त्यांचे पुढे काय झाले हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या ख्रिस्ती वस्तीत कुजबुजत सांगितले जाते. किती प्रकरणे धर्मादाय आयुक्तांपुढे आणि न्यायालयांत पडून आहेत. मुलींचे वसतिगृह बंद पडते आणि त्या जागेवर इमारतीचा फलक लागतो. जागेच्या व्यवहारावर सही करणारेच व्यासपीठावरून ख्रिस्तविरोधी कोण यावर दोन-दोन तास बोलतात. रोमच्या मालयादीत माणसे शेवटी आली होती. आपल्या ताळेबंदात ती कितव्या ओळीवर आहेत?

नाताळाच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. जुन्या परंपरेने या आठवड्यांत प्रभूचे पहिले येणे आणि दुसरे येणे या दोन्हींवर प्रवचने व्हायची. हल्ली ते दिवस केकच्या ऑर्डरी, तारे आणि कॅरोल स्पर्धा यांत जातात, आणि दुसऱ्या येण्याचा विषय कॉन्व्हेन्शनच्या पाहुण्या वक्त्यांकडे जातो. माझी मागणी आहे की यंदा प्रत्येक पाळकाने त्यातला एक तरी रविवार प्रकटीकरणाच्या सहाव्या आणि अठराव्या अध्यायाला द्यावा, तारखा सांगणाऱ्या वक्त्याला व्यासपीठ देऊ नये, आणि ज्याने आधी दिले असेल त्याने मंडळीपुढे उभे राहून ती तारीख खोटी ठरली हे सांगावे. आणि मंडळीच्या वार्षिक सभेत, हिशेब वाचण्याआधी, मत्तयाचा पंचविसावा अध्याय एकतिसाव्या वचनापासून मोठ्याने वाचावा. मग खजिनदाराने त्याच क्रमाने सांगावे: भुकेल्यांसाठी किती, आजाऱ्यांसाठी किती, परक्यांसाठी किती, तुरुंगात कोण जाऊन आले. सभासदांनी तिथेच प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.